तयार लोखंडी ढाबळ: सांगाडा घ्या, जाळी बदला

परसात किंवा गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्यांसाठी फॅब्रिकेशनच्या दुकानांत आता तयार ढाबळ मिळते. जास्त मागणी असते ती सहा बाय चारच्या नमुन्याला. पुढची उंची साडेसहा फूट, मागची सहा, एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, पुढे जाळी, तिन्ही बाजूंना पत्रा, आत वीस खण आणि बाहेर बसायला एक फळी. विकणारा म्हणतो, ‘वीस जोड्या आरामात राहतील.’ हे परीक्षण याच नमुन्याचं आहे. दुकानागणिक रंग बदलतो, कडी बदलते, पण दोष बहुतेक ठिकाणी तेच सापडतात, कारण हा नमुना कोंबड्यांच्या खुराड्यावरून उचललेला आहे. कोंबडीचा दिवस जमिनीवर जातो, कबुतराचा भिंतीवर. खुराडं उंच केलं म्हणून त्याची ढाबळ होत नाही.

आधी मत सांगून टाकतो: सांगाडा, पत्र्याच्या भिंती आणि पाण्याचं भांडं ठेवण्यासारखं आहे. जाळी, फरशी, खण आणि पक्षी आत-बाहेर सोडायची झडप बदलावीच लागते. छपरावर काम करावं लागतं. हे सगळं धरून मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा खर्च आणखी येतो, आणि तो पहिल्याच दिवशी करायचा. पक्षी आत सोडल्यावर वेल्डिंग आणि रंगकाम करता येत नाही.

किती कबुतरं

लांबी-रुंदी २४ चौरस फूट, सरासरी उंची सव्वासहा, म्हणजे १५० घनफूट. एका पक्ष्याला १० घनफूट धरले तर १५ पक्षी, म्हणजे सात जोड्या. त्यातही सुरुवात चार-पाच जोड्यांनी करावी, कारण कबुतरं संख्या वाढवायला परवानगी विचारत नाहीत. मादी पहिल्या अंड्यानंतर साधारण ४४ तासांनी दुसरं घालते, १७-१८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात, महिन्याभरात ती घरटं सोडतात. त्याआधीच नव्या अंड्यांची तयारी सुरू झालेली असते. संख्या रोखायची तर खरी अंडी काढून प्लास्टिकची ठेवावीत आणि ती पूर्ण १८ दिवस राहू द्यावीत. मध्येच काढली तर मादी लगेच पुन्हा अंड्यावर येते आणि अंगातलं कॅल्शियम घालवून बसते.

वीस जोड्या कोंबल्या तर पहिली भांडणं जागेवरून होतात, त्यात अंडी फुटतात. नंतर सर्दी आणि श्वासाचे आजार एकामागून एक साऱ्यांना धरतात. औषधांचा खर्च विकणाऱ्याने सांगितलेला नसतो.

खण

सोबतचे खण १२ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. एका घरट्यापुरते ते चालतील, एका जोडीला पुरत नाहीत. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात तेव्हा मादी दुसऱ्या घरट्यात अंडी घालते आणि नर जुन्या पिल्लांना भरवत असतो. एकाच खणात दोन घरटी मावली नाहीत तर ती शेजारच्या खणात घुसते, आणि तिथला नर पिल्लांच्या डोक्यावर चोची मारतो. डोक्याची सालटी निघालेलं पिल्लू दिसलं की खण लहान आहे असं समजावं.

खण २४ इंच रुंद, १४ खोल, १४ उंच हवा. सहा फुटांच्या मागच्या भिंतीवर असे तीन बसतात. खालचे १६ इंच मोकळे सोडून तीन ओळी केल्या की नऊ खण होतात. सात जोड्यांना सात, उरलेले दोन मोकळे, म्हणजे मारामारी कमी. खालची जागा सोडायची ती ओल आणि उंदीर खणापर्यंत पोचू नयेत म्हणून. खणाच्या तोंडाशी दोन इंची पट्टी लावावी, नाहीतर आठवड्याचं पिल्लू मागे सरकत सरकत खाली पडतं.

प्लास्टिकच्या गुळगुळीत वाट्या सोबत येतात, त्या परत करून टाकाव्यात. त्यात पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर तसेच राहतात. कुंभाराकडचं नऊ इंची, तीन इंच खोल, खरबरीत मातीचं परळ उत्तम. आत नारळाचा काथ्या किंवा कडुलिंबाच्या वाळक्या काड्या. कोल्हापूर-निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूच्या काड्या सहज मिळतात; घरट्यातल्या पिसवा-उवांवर तो जुना आणि चालणारा उपाय आहे. कबुतराच्या अंगावर जी चपटी माशी सरपटते, तिचे कोश घरट्याच्या गाळात आणि खणाच्या फटींत पडतात. म्हणून पिल्लं उठली की परळ उन्हात आणि काथ्या चुलीत.

जाळी

पैसे घालायचे तर इथेच. सोबत येते ती षटकोनी घरांची, पिळलेल्या तारेची कोंबडीजाळी, पाऊण इंची, २२ गेजची. गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. काउंटरवर बऱ्याचदा हे उलटं सांगितलं जातं. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पण घुशीला बाहेर ठेवत नाही. कुत्र्याने खालच्या कोपऱ्यात पंजा घालून ओढली तर एक पीळ सुटतो आणि त्याच्या आधाराची शेजारची घरंही सैल पडतात.

मांजराला तर जाळी तोडावीच लागत नाही. जाळीला टेकून झोपलेल्या कबुतराचा पाय ते नखाने बाहेर ओढतं. सकाळी कबुतर आत असतं, जाळी शाबूत असते, पाय नसतो. मुंगसाला आणि उदमांजराला लहानशी फट मिळाली तरी पुरते, आणि आत शिरल्यावर ते एकावर थांबत नाही. धामण अंड्या-पिल्लांसाठी येते, त्याहून जास्त उंदरांच्या मागावर येते.

या सगळ्यांना एकच उत्तर आहे: अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वेल्ड केलेली जाळी, १८ किंवा १९ गेज, गॅल्व्हनाइझ केलेली. वेल्ड झाल्यावर जस्तात बुडवलेली मिळाली तर तीच घ्यावी. आधी जस्त चढवून मग वेल्ड केलेल्या जाळीच्या प्रत्येक सांध्यावर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके दिसू लागतात. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत, त्याहून लवकर.

हिशेब असा. पुढची बाजू सहा बाय साडेसहा, दारासकट: तीन फुटी पन्ह्याच्या दोन पट्ट्या, १३ फूट. दोन्ही बाजूंच्या भिंतींत वरचे दोन फूट उघडे करून घ्यायचे, त्यांना चार-चार फूट. मागच्या भिंतीला छपराखाली सहा इंची पट्टी उघडी ठेवायची. तिला बाजूच्या पट्ट्यांतून उरलेली एक फुटी कापणी उपयोगी पडते. म्हणजे तीन फुटी जाळी २१ फूट, एकमेकांवर चढवायला धरून २५ फूट घ्यावी.

जाळी सांगाड्याच्या बाहेरून लावायची, म्हणजे कुत्र्याने धडक दिली तरी ती पाइपवर दाबली जाते. वरून एक इंची लोखंडी पट्टी आणि दर सहा इंचांवर सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू. बारीक बाइंडिंग तारेने बांधून देतात ती एका पावसात गंजून तुटते, आणि नेमकी खालच्या ओळीत, जिथे पाणी साचतं. जिथे वेल्डिंग केलं तिथलं जस्त जळतं, तिथे झिंकचा रंग मारायचा.

मग एक काम जे कोणी करत नाही: मोठं लोहचुंबक घेऊन फरशी, खण आणि आजूबाजूची हातभर जमीन पिंजून काढायची. जाळी कापताना पडलेले तारेचे बारीक तुकडे कबुतर खडे समजून गिळतं आणि ते पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, रुततात. पक्षी सुकत जातो, शेण हिरवं होतं आणि सगळे औषधं बदलत बसतात.

नायलॉनची पक्षीजाळी एकटी लावू नये. उंदीर ती कुरतडतात आणि साप त्यात अडकून मरतात. नाग, धामण आत सापडलीच तर सर्पमित्राला बोलवावं.

दार आणि पाय

दार दोन फुटी, बाहेर उघडणारं, मधोमध एक कडी. खालचा कोपरा हाताने ओढून पाहावा. बहुतेक ढाबळींत दोन बोटं आत जातात. वर एक, खाली एक असे सरकते बोल्ट आणखी लावावेत, आणि मधल्या कडी-कोयंड्याला कुलूप. पाळलेली चांगली जोडी माणसंही उचलून नेतात. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेर दिसत असतील तर कुलपाला अर्थ नाही, बिजागऱ्या वेल्ड करून घ्याव्यात. दाराच्या आत जाड कापडी पट्ट्यांचा पडदा टांगला की आत जाताना पक्षी डोक्यावरून निसटत नाहीत.

पाय सहा इंची असतात. एवढी उंची सगळ्यांत वाईट. खाली झाडू नीट फिरत नाही, घुशीला मात्र छपरासकट घर मिळतं. एकतर ढाबळ पक्क्या काँक्रीटवर टेकवावी, नाहीतर पाय १८ इंची करून घ्यावेत, म्हणजे खाली उजेड राहतो आणि बिळं दिसतात. पायांना उलटी पत्र्याची नरसाळी लावून देणारे भेटतात. दोन फुटांखाली त्यांचा उपयोग शून्य, उंदीर सरळ वर उडी मारतो. उंदराला खरी अडचण अर्धा इंची जाळीची आणि संध्याकाळी उचललेल्या दाण्याची होते. पायाखाली पाण्याच्या वाट्या मात्र ठेवाव्यात, चमचाभर तेल टाकून. लाल मुंग्या नुकत्या फुटलेल्या अंड्यातलं पिल्लू रात्रीत संपवतात.

फरशी, छप्पर, हवा

फरशीला १२ मिलिमीटरचं साधं प्लायवुड दिलेलं असतं. पहिल्या श्रावणात ते फुगतं आणि पदर सुटतात. त्या पदरांत ओली विष्ठा, मग बुरशी, मग रक्ती हगवण, असा क्रम ठरलेला. त्याऐवजी १८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड टाकावा, खाली दर दीड फुटावर अँगलचा आधार देऊन. बोर्ड खरवडता येतो, कुजत नाही, धुतला तरी वाळतो. रोज रुंद पत्र्याने खरवडावं, त्याआधी हलकं पाणी शिंपडावं आणि तोंडाला चांगल्या प्रतीचा मास्क बांधावा. कोरड्या झाडूने उडवलेली विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, आणि कबुतरं पाळणाऱ्यांना होणारा फुप्फुसाचा दाह त्यातूनच येतो. ज्याला ढाबळीतून आल्यावर संध्याकाळी कोरडा खोकला आणि कणकण जाणवते, त्याने सर्दी समजून अंगावर काढू नये.

छप्पर एकेरी रंगीत पत्र्याचं, बाहेर जेमतेम तीन इंच आलेलं. पुढच्या बाजूला दीड फूट वाढवून घ्यावं, नाहीतर पावसाची झड थेट जाळीतून आत येते. चार फुटांत सहा इंचांचा उतार देशावर चालतो, कोकणात तो एक फूट तरी करावा. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न पाण्याचा नसून उन्हाचा. एप्रिल-मेत एकेरी पत्र्याखालच्या वरच्या ओळीत पिल्लं चोच उघडून धापा टाकतात. थर्मोकोल चिकटवून उपयोग नाही, कबुतरं ते टोचून फस्त करतात. पहिल्या पत्र्याच्या वर चार-सहा इंच जागा सोडून दुसरा पत्रा टाकावा, मधून वारा वाहू द्यावा आणि त्या पोकळीची तोंडं त्याच अर्धा इंची जाळीने बंद करावीत.

हवेचा विचार या नमुन्यात नाहीच. पुढून उघडी, मागून बंद, वरून बंद, म्हणजे गरम हवा आणि अमोनिया छपराखाली अडकतो, नेमका वरच्या खणांत. वर सांगितलेली मागची सहा इंची पट्टी त्यासाठीच. तपासायची रीत सोपी: पहाटे दार उघडून लगेच आत डोकं घालायचं. नाक चुरचुरलं तर पट्टी आणखी वाढवा. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवावं. सकाळचं ऊन आत येतं आणि नैऋत्येचा पाऊस पाठीवर बसतो. आषाढात पुढे ताडपत्री सोडतात ती वरून सहा इंच मोकळी ठेवूनच. पूर्ण बंद केलेली ढाबळ कोरडी राहत नाही, पक्ष्यांच्या श्वासानेच ओलावते. पावसाळ्यात डास वाढले की चोचीभोवती आणि पायावर देवीचे फोड येतात, म्हणून जुलै ते ऑक्टोबर रात्री बाहेरून मच्छरदाणीचं कापड लावावं आणि सकाळी काढावं.

झडप

दोरीने उघडायची एक झडप आणि १२ बाय १८ इंचांची फळी. म्हणजे आकाशातून उतरणाऱ्या प्रत्येक पक्ष्यासाठी खाली दोरी धरून माणूस उभा. त्याच जागी १८ इंच रुंद, १० इंच उंच खिडकी काढून बॉबवायर बसवावी: ॲल्युमिनियमच्या लोंबत्या तारा, दोन तारांत पावणेदोन ते दोन इंच अंतर, खाली बाहेरच्या बाजूला अडणी. तारा फक्त आत झुलतात, पक्षी ढकलून आत येतो, बाहेर जाऊ शकत नाही. सुरुवातीचे काही दिवस दोन-तीन तारा वर अडकवून ठेवायच्या आणि भुकेल्या वेळी डबा वाजवायचा. बाकीचे एकमेकांचं पाहून शिकतात. रात्री या खिडकीवर पत्र्याची झडप हवीच, कारण कबुतराला जे ढकलता येतं ते मांजरालाही येतं.

फळी दोन फूट बाय तीन फूट करून घ्यावी आणि तिच्यावर जाळीची तात्पुरती खोली ठेवावी. नवीन आणलेले पक्षी महिनाभर तिथून आजूबाजूची छपरं, झाडं बघतात, तेव्हा कुठे त्यांना घर कळतं. होमर, म्हणजे लांबून घरी परतणाऱ्या जातीच्या, मोठ्या पक्ष्याला नवी ढाबळ कधीकधी कळतच नाही, तो सुटला की जुन्या मालकाकडे जातो. त्याला कायम आतच ठेवावं, उडवायची ती त्याची पिल्लं. उंच उडणारा गिरेबाज त्या मानाने लवकर रुळतो. लक्का आणि मानेभोवती पिसांची झालर असलेला जॅकोबिन मोकळे सोडायचे पक्षीच नाहीत. शेपटीचा पंखा घेऊन लक्का शिकऱ्यापुढे किती पळणार?

शिकरा वर्षभर असतो, जवळच्या आंब्या-नारळावर दबा धरून बसतो आणि उघड्या खिडकीतून आतही घुसतो. बहिरी ससाणा हिवाळ्यात येतो आणि उडता थवा फोडतो. या दोघांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. गलोल, फासे, विष यांतलं काहीही चालत नाही. ऑक्टोबर ते मार्च उडवायची वेळ रोज बदलावी, थवा अर्धपोटी सोडून लवकर खाली घ्यावा आणि शिकरा दोन दिवस सलग दिसला तर आठवडाभर ढाबळ बंद ठेवावी. फळीवरच्या खोलीचं छप्पर अर्धं तरी पत्र्याचं हवं.

सोबतचं किरकोळ सामान

पाण्याचं उलटं भरायचं भांडं चांगलं आहे, विष्ठा आत पडत नाही. रोज घासावं लागतं, कारण घशात पिवळा चिकट थर आणणारा आजार पाण्यातूनही पसरतो. दाण्याची उघडी परात टाकाऊ. वर फिरती दांडी असलेली लाकडी पन्हळ घ्या. एका पक्ष्याला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम दाणा, उरलेला उचलायचा. मक्याला बुरशीचा वास आला तर पोतं परत. विटेचा बारीक चुरा, शिंपल्याची भरड आणि किंचित मीठ कोरड्या वाटीत वेगळं.

आजारी किंवा नव्या पक्ष्यासाठी वेगळा पिंजरा या ढाबळीबरोबर नसतो. दोन बाय दोनचा एक लांब कोपऱ्यात ठेवावा, नवा पक्षी किमान तीन आठवडे तिथेच. मान पिळल्यासारखी वळू लागली तर त्याला ढाबळीत आणूच नये, पशुवैद्याला दाखवावं.

शेजार

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून वाद पेटला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून कबुतर म्हटलं की शेजाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. पाळलेल्या आणि रस्त्यावरच्या कबुतरांत फरक आहे हे त्यांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. म्हणून दाणा ढाबळीबाहेर एकही टाकू नये. त्याने रानटी कबुतरं जमतात आणि त्यांचे आजारही तिथेच येतात. विष्ठा झाकणाच्या ड्रममध्ये, आठवड्याला खतासाठी शेतकऱ्याला. ढाबळ शेजाऱ्याच्या खिडकीपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी, आणि सोसायटी असेल तर लेखी परवानगी आधी, ढाबळ नंतर.

घेताना

फॅब्रिकेशनवाले लोखंड किलोवर लावतात, त्यामुळे जाड अँगल घालून वजन वाढवलेली ढाबळ महाग पडते पण त्याने मजबूत होत नाही. एक इंची, १६ गेजचा पाइप पुरेसा आहे. ऑर्डर देतानाच ‘जाळी, खण, फरशी बसवू नका, त्याचे पैसे वजा करा’ असं बिलावर लिहून घ्यावं. बनवून झाल्यावर कोणी वजा करत नाही. सांगाडा अखंड वेल्ड न करता चार भिंतींचा, नटबोल्टने जोडायचा मागावा. सहा फुटांची अखंड चौकट वाड्याच्या बोळातून किंवा जिन्यातून वर जात नाही, आणि भाड्याच्या जागेतून उद्या हलवायची तर गॅसकटर बोलवावा लागतो. रंग मार्चपर्यंत पूर्ण झालेला हवा. आतल्या बाजूला जाड थर नको, पोपडे निघतात आणि कबुतरं ते खातात. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन आठवडे, पक्षी सोडू नयेत. आठ बाय चारचा मोठा नमुनाही मिळतो; जागा असेल तर तोच घ्यावा आणि मधे जाळीचं दार टाकून दोन भाग करून घ्यावेत, म्हणजे अंड्यांचा हंगाम संपल्यावर नर-माद्या वेगळ्या ठेवता येतात.